वाडीतल्या अभ्यासिकेसाठी मोफत ऑनलाइन साहित्य: कोणत्या वयाला काय उपयोगी पडतं?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात खाडीलगत आमची वाडी आहे. वाचनालयाच्या खोलीत आम्ही काही जणी मिळून संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. नुकती पहिलीत गेलेली पोरं आणि बारावीची मुलं एकाच खोलीत बसतात. यंदा गणपतीत मुंबईच्या मंडळाने वापरलेले दोन लॅपटॉप, एक टॅब आणि प्रिंटर दिला. खोलीत रेंज नाही. ती मिळते वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, देवळाच्या मागे. पावसाळ्यात वीज गेली की कधी येईल याचा नेम नसतो.

आतापर्यंत ई-बालभारतीवरून सगळ्या इयत्तांची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये उतरवून ठेवली आहेत. 'किशोर' मासिकाचे जुने अंकही तिथेच मोफत मिळाले. १९७१ पासूनचे अंक आहेत, आणि सहावी-सातवीच्या मुली त्यांवर तुटून पडतात. शालेय अभ्यासाचं सरकारी दीक्षा ॲपही टाकलं आहे. पण त्यापुढे गोंधळ होतो. 'मोफत शिक्षण' असं शोधलं की ढिगाने व्हिडिओ येतात आणि त्यातलं निम्मं शिकवणीची जाहिरात असते.

माझा आग्रह एवढाच आहे की जे साहित्य उतरवून ठेवता येतं, छापता येतं आणि आपल्या मुलांसाठी बदलता येतं, तेच आमच्यासारख्या ठिकाणी टिकतं. रोज इंटरनेट लागणारं कितीही चांगलं असलं तरी आषाढात ते बंदच पडणार. तर या कसोटीवर उतरणारं तुम्ही काय वापरता? कोणत्या वयाच्या मुलांसाठी, आणि कसं?

सड्यावरचा मास्तर

ताई, धागा काढलात ते बरं केलंत. मी देवगड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. चार इयत्ता, दोन शिक्षक. एका वर्गाला शिकवताना बाकीच्या वर्गांना काहीतरी अर्थपूर्ण काम द्यावंच लागतं, त्यामुळे हे साहित्य मला गरजेचं आहे.

पहिली-दुसरीसाठी माझी पहिली पसंती प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळाला. २०१५ पासून ते सुरू आहे. मराठीत भरपूर चित्रकथा आहेत आणि त्यांच्या चार पायऱ्या केल्या आहेत: पहिल्या पायरीवर पानाला जेमतेम एखादं वाक्य, चौथीवर सलग वाचणाऱ्या मुलांच्या गोष्टी. मी पीडीएफ उतरवतो, छापतो आणि दोऱ्याने शिवतो. मुलांच्या हातात पुस्तक जातं, पडदा नाही. या वयाला पडदा दाखवण्यापेक्षा मोठ्या माणसाने शेजारी बसून बोट ठेवून वाचणं लाखमोलाचं. प्रिंटर मिळालाय तर त्याचा पहिला उपयोग हाच करा.

दीक्षाबद्दल एक सांगतो. पुस्तकातल्या क्यूआर कोडखाली सहा अक्षर-अंकांचा कोड छापलेला असतो. टॅबचा कॅमेरा खराब असला तरी तो कोड टाइप करून त्या धड्याचं साहित्य उघडतं. मुलांना खातं काढायची गरज नाही. जे उतरवता येतं ते रेंजमध्ये असताना ॲपमध्येच उतरवून घ्या, मग सड्यावरून खाली आल्यावर चालतं. मात्र सगळंच चांगलं नाही. काही धड्यांना सुरेख ॲनिमेशन आहे, तर काही ठिकाणी पाठ्यपुस्तकाचीच पानं कोणीतरी वाचून दाखवली आहेत. आधी स्वतः बघा आणि निवडकच ठेवा.

मालवणची आवस

माका ह्यातला जास्त कळणा नाय, पण इचारतंय. माझो झील चौथीत आसा आणि चेडू अंगणवाडीत. झिलाच्या हातात मोबाईल दिलो काय तो अभ्यासाचो व्हिडिओ बघता बघता भलताच कायतरी बघूक लागता. काढून घेतलो तर रडता. बाई सांगतत ॲप बघा, डॉक्टर सांगतत मोबाईल नको. आमी करूचा काय?

आणि दुसरा. चेडू घरात मालवणीच बोलता. पुस्तकातली मराठी तिका परकी वाटता. गोष्ट वाचून दाखवलंय तर मदीच इचारता, 'म्हंजे काय?'

सड्यावरचा मास्तर

वहिनी, डॉक्टर बरोबर सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये लहान मुलांसाठी मार्गदर्शन दिलं, त्यातही दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाच्या वर पडदा नको आणि कमी तितकं चांगलं, असंच म्हटलं आहे. अंगणवाडीतल्या मुलीला मोबाइल देऊच नका. मोबाइल तुम्ही बघा आणि गोष्ट तुमच्या तोंडून तिला सांगा. चौथीतल्या मुलासाठी व्हिडिओ आधी उतरवून ठेवा आणि मग डेटा बंद करून फोन द्या. डेटा बंद असला की पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होत नाही. भांडणाचं मूळ तिथेच मिटतं.

मालवणीचं तुम्ही फार मोलाचं बोललात. स्टोरीवीव्हरवरच्या गोष्टी बदलायची परवानगी आहे. चित्रं तीच ठेवून खालचा मजकूर मालवणीत लिहिता येतो. आमच्या शाळेत आयांनी अशा गोष्टी लिहून दिल्या. मुलं आधी मालवणीत वाचतात, हसतात, मग तीच गोष्ट मराठीत वाचतात. दुसऱ्या वाचनाला 'म्हणजे काय' विचारावं लागत नाही, कारण गोष्ट आधीच पोटात गेलेली असते. तुम्ही लिहाल का? तुमचं मालवणी वाचून मला खात्री आहे की तुम्हाला जमेल.

मालवणची आवस

लिवतंय. येक गोष्ट पाठवा माका, चित्रांची.

ज्ञानकोशी

वर परवानगीचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी मराठी विकिपीडियावर संपादन करतो, त्यामुळे परवान्यांशी रोजचा संबंध येतो. मोफत बघायला मिळणारी प्रत्येक गोष्ट बदलायला किंवा पुन्हा वाटायला मोकळी नसते. अभ्यासिका चालवणाऱ्यांना हा फरक माहीत असायलाच हवा.

बालभारतीची पुस्तकं मोफत उतरवून वाचता येतात, पण त्यांचे हक्क राखीव आहेत. त्यातले धडे बदलून आपली पुस्तिका काढायची नाही. स्टोरीवीव्हरचं साहित्य क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे वापराची परवानगी आधीच देऊन ठेवणाऱ्या, सर्वांत मोकळ्या परवान्यांपैकी एकाखाली आहे. लेखक, चित्रकार आणि प्रकाशक यांची नावं आणि परवाना नमूद केला की छापा, बदला, वाटा. तेव्हा मालवणी गोष्टीवरही मूळ नावं राहिली पाहिजेत, आणि अनुवाद करणाऱ्या आईचंही नाव आलं पाहिजे. विकिपीडियाला आणखी एक अट आहे: बदललेला मजकूर त्याच परवान्याखाली पुढे द्यायचा. खान अकादमी या मोफत शिकवणाऱ्या संकेतस्थळाच्या साहित्याला व्यापारी उपयोगाची मनाई आहे, म्हणजे विनामूल्य अभ्यासिकेत चालतं, पण फी घेणाऱ्या क्लासच्या नोट्समध्ये घालून विकता येत नाही.

इंटरनेटशिवायचं म्हणाल तर किविक्स बघाच. या मोफत प्रणालीत अख्खा मराठी विकिपीडिया एका फाइलमध्ये उतरवता येतो आणि नंतर रेंजशिवाय त्यात शोधताही येतं. लॅपटॉपवर चालतं, टॅबवरही चालतं. मराठी विश्वकोशाचे खंड सरकारी संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ज्या कामाचा पाया घातला, ते आज राजापूरच्या वाडीतल्या मुलीला फुकट मिळतं याचा मला मनापासून आनंद आहे. आठवीपुढच्या मुलांना प्रकल्पासाठी दोन्हीकडची नोंद वाचून तुलना करायला सांगा. एकाच ठिकाणचं उतरवून काढायची सवय सुटते.

प्रयोगवही

मी अलिबागकडची, निवृत्त विज्ञान शिक्षिका. पाचवी ते आठवीबद्दल लिहिते, कारण माझ्या मते या वयाकडे सर्वांत कमी लक्ष जातं. लहानांना गोष्टी मिळतात, मोठ्यांना परीक्षेचं साहित्य मिळतं, आणि मधली मुलं व्हिडिओसमोर बसवली जातात. या वयाच्या मुलांचे हात रिकामे ठेवू नयेत.

अरविंद गुप्तांचं संकेतस्थळ उघडा. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं काम केलं. टाकाऊ वस्तूंतून खेळणी आणि प्रयोग, त्यांची छायाचित्रं, छोट्या फिती आणि मराठीसह अनेक भाषांतली पुस्तकं तिथे खुली आहेत. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या वॉल्व्हट्यूबचे तुकडे घेऊन त्रिकोण आणि चौकोन करायला द्या. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण हलत नाही. आपल्या घरांच्या कौलारू छपराच्या कैच्या त्रिकोणी का, याचं उत्तर मूल स्वतःच देतं. मग एक सेल, चुंबक, तांब्याची तार आणि दोन सेफ्टी पिना घेऊन मोटर करायला द्या. ती फिरते तेव्हाचे चेहरे बघाल तर तुम्हाला पुन्हा कोणी 'उपयोग काय' असं विचारणार नाही.

तिथून फेटकडे या. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात २००२ मध्ये नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी हा प्रकल्प सुरू केला. विद्युत मंडल, घनता, अपूर्णांक, सावल्या-भिंगं अशी हाताळून बघायची आभासी उपकरणं आहेत, आणि बरीचशी मराठीत झाली आहेत. एकेक फाइल उतरवली की इंटरनेट लागत नाही. पण क्रम उलटा करू नका. आधी खरा सेल, खरा दिवा आणि खरी तार, नंतर पडद्यावर. मूल तार जोडताना चुकलं आणि दिवा लागला नाही, की ते का लागला नाही हे शोधतं. पडद्यावर मग तेच मंडल मोठं करून, दिवे वाढवून बघता येतं, जे वाडीत सामानाअभावी शक्य नसतं.

हर्णे बंदर

मी होडीवाला माणूस, शिक्षण दहावीपर्यंत. एक शंका आणि एक माहिती.

शंका अशी की हे सगळं शहरातल्या लोकांनी शहरातल्या मुलांसाठी केलेलं असतं. आमच्या पोरांना त्यात आपलं काय दिसतं? माझा मोठा नववीत शाळा सोडून बोटीवर आला. त्याला पुस्तकात काही गोडी वाटली नाही, मात्र वारा-पाणी त्याला माझ्याआधी कळतं.

माहिती अशी. आम्ही भरतीची वेळ तिथीवरून काढतो. तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. माझ्या आज्यापासून हा हिशेब चालत आलाय. हा तुमच्या कुठल्या ॲपात आहे का?

प्रयोगवही

दादा, ॲपमध्ये नसेल तर तो आपण धड्यात घालायचा. तुमचा हिशेब म्हणजे सहावी-सातवीच्या अपूर्णांकाचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

बघा, चंद्रामुळे भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. बारा तास पंधरा तिथींत वाटले तर ४८ मिनिटं येतात. तोंडी हिशेबासाठी पाऊण सोयीचा आणि समुद्रावर जायला पुरेसा बरोबर. मुलांनी महिनाभर तिथीवरून वेळ काढावी आणि शेजारच्या रकान्यात भरतीच्या छापील कोष्टकातली वेळ लिहावी. फरक कुठे वाढतो, उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) की भांगाला (अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला), ते त्यांनीच शोधावं. सातवीचं मूल त्यातून अपूर्णांक, सरासरी, चंद्राच्या कला आणि आलेख हे चारही विषय शिकतं.

हैदराबादची इन्कॉइस ही संस्था समुद्राच्या लाटांचा, वाऱ्याचा अंदाज खुला ठेवते. मासळी मिळण्याच्या संभाव्य क्षेत्रांची सूचनाही देते. उपग्रहाने मोजलेलं समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य यांवरून ती काढतात. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेवढे दिवस सूचना नसते. नववी-दहावीच्या भूगोलाच्या प्रकल्पासाठी यापेक्षा जवळचा विषय कोणता? तुमचा मुलगा या सूचना वाचून तुम्हाला सांगत असेल तर तो शिकतोच आहे, फक्त त्याची नोंद कुठे होत नाही.

सड्यावरचा मास्तर

दादा, नोंदीचीही सोय आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. १९८९ पासूनची केंद्र सरकारची संस्था आहे. वयाची १४ वर्षं पूर्ण झालेल्याला तिथून दहावी देता येते, रोज शाळेत जावं लागत नाही, विषयही स्वतः निवडता येतात. अभ्याससाहित्य संकेतस्थळावरून मोफत उतरवता येतं. प्रवेशाची आणि परीक्षेची फी भरावी लागते, तेवढी लक्षात ठेवा. मराठी माध्यमही आहे. बोटीचे बंदीचे दोन महिने अभ्यासाला मोकळे मिळतात. त्याला एकदा विचारून बघा, दबाव न आणता.

हर्णे बंदर

विचारतो. आईशी बोलून मग त्याच्याशी बोलेन. भरतीच्या कोष्टकासाठी माझी मदत लागली तर सांगा, शाळेत येऊन मुलांना पाऊणचा हिशेब शिकवीन.

चाकरमानी डोंबिवली

मूळचा संगमेश्वरचा. नववी ते बारावीबद्दल लिहितो. आमच्या कोकण विभागाचा दहावीचा निकाल २०१२ मध्ये विभाग वेगळा झाल्यापासून राज्यात वरच असतो. अभिमान आहेच. पण मुंबईत आल्यावर तीच मुलं प्रवेश परीक्षांमध्ये मागे पडताना मी पाहतो. त्यांच्यात काही कमी नसतं, परीक्षेची तऱ्हाच त्यांनी आधी पाहिलेली नसते.

म्हणून सांगतो, जुन्या प्रश्नपत्रिका उतरवा. ऑलिम्पियाड या विज्ञान-गणिताच्या स्पर्धांच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरं मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. सगळ्यांना त्या परीक्षेला बसायचं नसतं, पण एक प्रश्न आठवडाभर डोक्यात ठेवायची सवय लागते. आठवीच्या मुलांसाठी एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घ्या. ही शिष्यवृत्ती मिळाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असलं तरी चालतं. आपल्या वाड्यांतली बरीच घरं यात बसतात, तरी मुलं अर्जच करत नाहीत. अकरावी-बारावीच्या जेईई-नीटवाल्यांसाठी आयआयटी कानपूर आणि शिक्षण मंत्रालयाचं 'साथी' मोफत आहे. त्याला मात्र इंटरनेट लागतं.

बारावीनंतर घरी बसलेली मुलं अभ्यासिकेत येत असतील तर त्यांना आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल द्या. दहा-दहा मिनिटांचे पाठ आहेत, बऱ्याच विषयांना मराठी आवाज आहे. अर्ध्या पडद्यावर पाठ लावायचा, उरलेल्या अर्ध्यावर स्वतः करून बघायचं. शिकवणारं कोणी नसलं तरी लिब्रेऑफिस (पत्रं, तक्ते करायची प्रणाली), पायथॉन (संगणकाची भाषा) शिकता येतं. लॅपटॉपवर लिब्रेऑफिस मोफत बसतं, वेगळा खर्च नाही.

दापोलीकर

सगळं वाचलं. चांगलं आहे, पण एक खटकतं. या निमित्ताने शिक्षक कमी करायला सरकारला आणखी एक कारण मिळेल. आधीच पटसंख्या कमी म्हणून वाडीवरच्या शाळांवर टांगती तलवार आहे. 'आता सगळं ऑनलाइन आहे' असं कोणीतरी म्हणणारच.

खाडीकाठ

ही भीती मलाही वाटते, आणि ती खोटी नाही. म्हणूनच ग्रामसभेत मी उलट बाजूने मांडते. वरचे सगळे प्रतिसाद पाहा. गोष्ट छापून शिवणारे मास्तर आहेत, काड्यांचे त्रिकोण करायला लावणाऱ्या बाई आहेत, मालवणीत लिहिणारी आई आहे. माणूस काढून घेतला तर उरतो फक्त फाइलींचा ढीग. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर किती गावांत वीज आणि रेंज गेली हे दापोली-श्रीवर्धनच्या लोकांना वेगळं सांगायला नको. तेव्हा ज्या गावात शिकवणारं माणूस होतं, तिथे शिकणं चाललं. शाळा टिकावी यासाठी भांडताना हे साहित्य शिक्षकाच्या हातात पाहिजे, शिक्षकाच्या जागी नको, असं ठरावात लिहून घ्या. आम्ही घेतलं आहे.

दापोलीकर

ठरावाचा मजकूर इथे टाकाल का? आमच्या पुढच्या ग्रामसभेत मांडतो.

खाडीकाठ

टाकते, ग्रामसेवकांकडून प्रत घेऊन.

आता इथलं वाचून आम्ही जे ठरवलं ते सांगते. प्रिंटर फक्त चौथीपर्यंतच्या गोष्टींसाठी राखून ठेवणार, कारण शाई महाग आहे. मधल्या मुलांना शनिवार प्रयोगाचा, त्यात टॅब शेवटी उघडायचा. भरतीचा तक्ता येत्या अमावास्येपासून भिंतीवर लावतोय. एक रकाना तिथीच्या हिशेबाचा, एक कोष्टकाचा आणि तिसरा खाडीवर कोणीतरी प्रत्यक्ष पाहून लिहायचा. मोठ्यांसाठी एक लॅपटॉप राखीव. विजेसाठी मंडळाकडे छोट्या सौर पॅनेलची मागणी केली आहे.

एक अडचण उरलीय. चाकरमानी दादा शिमग्याला येताना मेमरी कार्डात किविक्सच्या फाइली आणि स्पोकन ट्युटोरियल भरून आणणार म्हणाले, पण गेल्या वेळी एका ताईंनी आणलेल्या कार्डात मोठी फाइल जातच नव्हती, 'जागा नाही' असं दाखवत होतं. कार्ड तर अर्धं रिकामं होतं. काय करावं?

ज्ञानकोशी

ते कार्ड फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलं असणार. त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, कार्ड कितीही रिकामं असलं तरी. एक्सफॅट पद्धतीने पुन्हा फॉरमॅट करा. आधी त्यातलं सगळं लॅपटॉपवर काढून घ्या, कारण फॉरमॅट केल्यावर ते पुसलं जाईल. तुमचा टॅब जुना असेल तर तो एक्सफॅट वाचतो का, हे छोट्या फाइलने आधी तपासा. वाचत नसेल तर फाइली लॅपटॉपवर ठेवा.

आणि चित्रांसकटचा पूर्ण इंग्रजी विकिपीडिया भरायच्या फंदात पडू नका, तो शंभर जीबीच्या आसपास जातो. सेमी-इंग्रजीच्या मुलांसाठी सोप्या इंग्रजीतला विकिपीडिया वेगळा मिळतो. त्याची फाइल काही जीबीतच आटपते आणि आठवी-नववीच्या मुलांना भाषाही झेपते.

चाकरमानी डोंबिवली

मराठी आणि सोप्या इंग्रजीतल्या, दोन्ही विकिपीडियांच्या फाइली भरून आणतो. शिमग्याच्या आदल्या शुक्रवारी रात्री गाडीत बसतोय. टॅबचं मॉडेल कळवा, म्हणजे कार्ड इथूनच तपासून आणेन.